पान्यांची पूजा

१

दसऱ्याच्या सकाळी सुरतच्या लिंबायतची माणसं गच्च्यांवर जाऊन उभी राहिली होती. योगराज पाटील स्वतःच्या छोट्या विमानातून सोनं उधळणार होता. बमरोलीत आता त्याचे स्वतःचे माग होते, पण जन्म इथल्या चाळीतला. आपट्याची पानं टाकीन तर इथेच, असं त्याने नवरात्रभर भेटेल त्याला सांगितलं होतं. माना दुखेपर्यंत माणसं वर बघत राहिली. विमान आलं नाही.

ते मगदल्ल्याच्या अलीकडच्या खाऱ्या मैदानाच्या टोकाला नाकावर पडलं होतं. पोतं फुटून पानं सगळीकडे झाली होती. काही योगराजच्या अंगावर होती.

दुपारच्या आत पोलिसांनी लोटूला उचललं. लोटू योगराजच्या कारखान्यातला जॉबर, म्हणजे माग बिघडला की ज्याच्या नावाने हाक मारायची तो. विमानाचं नट-बोल्टाचं काम योगराज स्वतः करायचा, आणि लोटूला हाताशी घ्यायचा. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, सगळ्या कामगारांच्या देखत लोटू मालकाला म्हणाला होता, "उडू नका दादा. पडाल." ते आता प्रत्येकाला आठवत होतं.

दोन दिवसांनी चैताली मैदानावर आली. ती विमा कंपनीची सर्व्हेअर. जळालेली गोदामं, भिजलेली साडीची पार्सलं, उलटलेले टेम्पो एवढंच तिने आजवर पाहिलेलं. विमानखात्याचा माणूस मुंबईहून दिवाळीनंतर येणार होता, आणि तोवर फौजदाराला कुणाचा तरी कागद हवा होता. चैताली उधन्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढली होती. वडील धम्मरत्न इंजिनांचे फिटर, त्यामुळे नट दिसला की तो बोटांत फिरवून पाहायची तिला लहानपणापासून खोड. घरी सात महिन्यांची मुलगी सासूपाशी होती. दोन पाजण्यांच्या मधे जेवढं जग मावेल, तेवढंच सध्या चैतालीचं होतं.

विमानाचं नाक वर-खाली करणारा दांडा शेपटीशी एका बोल्टने जोडलेला असतो. तो जोड सुटलेला होता. दांडा नुसता लोंबत होता. चैतालीने शेपटीच्या आवरणात खांद्यापर्यंत हात घातला आणि चाचपत एकेक वस्तू बाहेर काढली. आधी बोल्ट. मग त्याचा कंगोरे असलेला नट. त्या कंगोऱ्यांतून आणि बोल्टच्या भोकातून एक पिन घालून तिची टोकं दुमडायची, म्हणजे नट फिरत नाही, एवढं तिला वडिलांमुळे माहीत होतं.

पिनेचा तुकडा भोकात अडकलेला होता. पण ती मऊ, करड्या लोखंडाची स्प्लिट पिन नव्हती. बारीक, काळी, चकचकीत तार होती. तिचा दुसरा तुकडा हाताला लागला तेव्हा चैताली तिथेच चवड्यांवर बसली. तार मधोमध नागमोडी होती.

तिचा हात आपोआप मानेमागे गेला. तसलेच आकडे तिच्या अंबाड्यात होते.

२

"बेन, रिपोर्ट लिहून टाका," फौजदार म्हणाला. "माणूस आत, कारण समोर. पडशील बोलला, पडला. अजून काय पाहिजे?"

"पडशील म्हणणारा पाडतोच का, साहेब? माझी सासू मला रोज म्हणते, स्कूटरवरून पडशील."

फौजदार हसला आणि त्याने लोटूला बाहेर आणवलं.

लोटू पन्नाशीचा, वाकलेला. उजवा हात त्याने सदऱ्याखाली धरला होता. चौकीच्या पायरीवर त्याची बायको सुंदरा बसली होती. तिची वेणी साधी, काळ्या गोंड्यात बांधलेली. चैतालीने येतानाच ते पाहून घेतलं होतं. पाहिल्याची तिला लाजही वाटली.

"काय झालं होतं त्या दिवशी?"

"अष्टमीला दादा विमान फिरवून आले. दांडा जड लागतो म्हणाले. म्हणजे जोड उघडून ग्रीस भरायचं. आता ते पुस्तक दादांनीच मला वाचून दाखवलेलं. एकदा काढलेली पिन परत घालायची नाही, नवी घालायची. आणि दांड्याचं काम झालं की दुसऱ्या जाणत्या माणसाने बघितल्याशिवाय उडायचं नाही. नवी पिन नव्हतीच. मुंबईहून यायची होती. मी म्हटलं, दसरा होऊ द्या."

"ते काय म्हणाले?"

"म्हणाले, लोकांना सांगून बसलोय, आताच उघड. मी म्हटलं, दादा, आज खंडेनवमी. मी हात लावणार नाही." त्याने मान वर केली. "पाना पूजामा व्हतात, ताई. सगळा. मागाचे, विमानाचे, सगळे पाने पूजेत. पूजेतलं हत्यार उचलत नाहीत. दसऱ्याला मालक स्वतः उचलून हातात देतो, मग काम."

"ऐका," फौजदार म्हणाला. "याच्या सगळ्या साक्षीदारांना हळदीकुंकू लागलंय."

"मी खोटं नही बोलस, ताई."

"मग पडाल का म्हणालात?"

"दांडा जड झालेला. पडतीलच ना. मी काय शाप दिला?"

बाहेर सुंदराने चैतालीचा पदर धरला. "यांना सोडतील ना हो? तुमच्या कागदावर आहे म्हणतात."

चैतालीने हळूच पदर सोडवून घेतला. पर्समध्ये रुमालात गुंडाळलेली तार होती. लोटूने पिन घातली नसेल, तर ती घालणारा कुणीतरी होताच, आणि कुठल्यातरी बाईच्या केसांपर्यंत त्याचा हात पोहोचत होता.

३

कारखान्यात माग बंद होते. सुरतेत इतका शांत कारखाना चैतालीने कधीच पाहिला नव्हता. योगराजचा धाकटा भाऊ योगेंद्र चपला न काढताच तिला आत घेऊन गेला.

"भाईचं विमान म्हणजे फालतू खर्च. मी शंभरदा बोललो, विकून टाक. बोललो म्हणून मी मारला काय?"

"मी कुठे काय म्हटलं?"

"चेहऱ्यावरून म्हणताय, बेन."

मागांच्या टोकाला पाटावर लाल कापड अंथरलेलं होतं. त्यावर सगळी हत्यारं ओळीने मांडलेली. मोठे पाने, लहान पाने, पक्कडी, हातोड्या, कात्र्या. झेंडू सुकून काळे पडले होते. विमानाबरोबर आलेली लाल पेटी उघडी होती आणि तिच्यातले चकचकीत पानेही कुंकू लावून ओळीत बसवले होते. बाजूला घरची विळी आणि सुऱ्यासुद्धा होत्या. उचलून हातात देणारा मालकच दसऱ्याच्या सकाळी गेला. कुणाची उचलायची छाती झाली नव्हती.

चैताली खाली बसली. ओल्या हळदीत अक्षता घट्ट वाळल्या होत्या. तिने एक पाना बोटाने हलकेच ढकलला. तो कापडाला चिकटून होता. दुसराही. लाल पेटीतलेही. पक्कडीसुद्धा. एकाच्याही खालची हळद फुटलेली नव्हती.

"पूजा केल्यापासून यातलं काहीच उचललं गेलेलं नाही," ती म्हणाली.

"असेल. आमची आई, सुभद्राबाई, असेपर्यंत नवमीला घरात सुईसुद्धा उचलू द्यायची नाही. भाई तिच्यावर गेलेला. मला काम असतं ना, तर मी यातलाच एक उचलला असता, पुसून परत ठेवला असता. देव काय मोजायला बसलाय?"

चैतालीने पर्समधून नट काढला. त्याचे कोपरे गोल झाले होते. पान्याचा दात लागला असता तर कडा सरळ राहिल्या असत्या. इथे काहीतरी रुंद, पोकळ जबड्याचं पुन्हा पुन्हा घसरलं होतं. कुणीतरी जीव लावून आवळायचा प्रयत्न केला होता आणि ते जमलं नव्हतं.

"नवमीला संध्याकाळी विमान कुठे होतं?"

"मागे, घराच्या पडवीत. पंख दुमडून. सकाळी मी आणि भाईने टेम्पोवर चढवलं, मैदानात पंख उघडले. ते हाताने बसतात, खटक्यावर." त्याने आवाज खाली केला. "वहिनीला विचारा. त्या विमानाला सवत म्हणायची. पडवीत रात्रंदिवस तीच तर असते."

४

योगराजची बायको शोभा स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती. पंचवीस-सव्वीसची, कपाळ मोकळं. पाळण्यात तिची सोनाली झोपली होती. चैतालीच्या मुलीएवढीच.

"बसा ताई. चहा घ्याल?"

"नको हो."

"घ्या. कुणी आलं की हाताला काम होतं."

दूध वर आलं. शोभाने पदर दुमडून तो हातात घेतला आणि पातेलं उतरवलं. चटका बसला तशी बोटं कानाला लावली. "सांडशी कुठे गेली कुणास ठाऊक. नवमीपासून सापडत नाही."

चैतालीची बोटं पर्समधल्या नटाच्या गोल कोपऱ्यांवर गेली.

शोभाचा अंबाडा एका बाजूने सुटत होता. ती तो पुन्हा पुन्हा कानामागे सारत होती. उजवीकडे काळे आकडे होते, डावीकडे एक कमी पडत होता. नवा घालायचं तिला सुचलं नसेल, किंवा आता आकडे लावायचे तरी कुणासाठी, असं वाटलं असेल.

"तुम्ही विमानाला सवत म्हणायच्या?"

शोभा हसली, आणि हसू अर्ध्यातच विरलं. "म्हणायचे की. ते म्हणायचे, सवतीला ग्रीस लावतो, तुला गजरा आणतो, झालं ना बरोबर?"

पाळण्यात सोनाली रडायला लागली. त्या आवाजासरशी चैतालीचा पान्हा सुटला. तिने घाईघाईने पदर छातीवर ओढला. शोभाने ते पाहिलं.

"घरी ठेवून आलात?"

"हो. मुलगी सासूपाशी आहे."

"वेळ झाली असेल तिची. जा तुम्ही. माझं काय, मी इथेच आहे."

हिने मारलं असेल का? चैतालीने स्वतःलाच विचारलं. पण मारायचंच असतं तर स्वतःच्या केसांतला आकडा तिने तिथे कशाला ठेवला असता? ती उठून पडवीत गेली. विमान जिथे उभं असायचं तिथे ग्रीसचे डाग होते. भिंतीच्या कडेला, पोत्यांच्या मागे, काहीतरी चमकलं. ती वाकली.

सांडशी होती. मुठी ग्रीसने माखलेल्या, आणि एक जबडा वाकलेला. चैतालीने त्या जबड्यात नट धरून पाहिला. गोल झालेले कोपरे तिथे बरोबर बसले.

मागे शोभा उभी होती, लेकीला खांद्यावर घेऊन. "सापडली का," ती म्हणाली. "इथेच टाकली वाटतं त्यांनी."

५

चैतालीला सगळं कळलं होतं. न कळतं तर बरं झालं असतं, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

ज्याला विमान पाडायचं आहे तो नट सैल करतो, पिन काढून फेकतो आणि निघून जातो. इथे नट आवळलेला होता, आणि भोकात काहीतरी घातलेलं होतं. ते करणाऱ्याला जोड टिकायला हवा होता. मग योगेंद्र असेल? तो पाना बिनदिक्कत उचलता. लोटू पूजेच्या दिवशी विमानाला शिवलाच नसता. मग असा माणूस कोण, जो हातातलं काम थांबवणार नाही आणि पूजाही मोडणार नाही? घरात नवमीला पूजेत नसलेलं लोखंड एकच होतं. नैवेद्य शिजवायचा असतो, म्हणून सांडशी तेवढी चुलीपाशी राहते.

योगराजने आईचा नियम पाळला होता. पुस्तकातला तेवढा मोडला.

हे सगळं कागदावर येऊ शकत होतं, पण फौजदाराला त्यातलं काही पटलं नसतं. सांडशी काय, कुणीही टाकील. लोटूला सोडवायला एकच गोष्ट लागणार होती. त्या संध्याकाळी पडवीत जे झालं, ते पाहणाऱ्याचा शब्द.

"शोभाताई, तुम्ही इथे होता ना? ते काम करत होते तेव्हा."

"होते की. दिवेलागण झाली होती. पडवीत लाइट नाही, म्हणून मी कंदील धरला. हिला दुसऱ्या हातात." ती खाली बसली. "पूजेचं काही घ्यायचं नाही म्हणून सांडशीने आवळत होते. सारखी घसरायची. मी हसले तर रागावले. मग ती जुनी पिन काढताना तुटलेली. म्हणाले, आता तुझ्या डोक्यातलं काहीतरी दे."

"आणि तुम्ही..."

"आकडा काढून दिला. का?"

सोनालीने आईचा सुटलेला केस मुठीत धरला होता. आता थांबावं, असं चैतालीला वाटलं. चौकीच्या पायरीवर सुंदरा बसलेली होती, आणि इथे ही. एकीच्या पदरात टाकायचं ते दुसरीच्या पदरातून काढावं लागणार होतं.

"तो दुमडला का त्यांनी? टोकं वाकवली?"

"हो. फार कडक होता. सांडशीने वाकवला. मग मला म्हणाले, तूच बघ आता, दुसऱ्याने बघायचं असतं. मी कंदील जवळ नेला. म्हटलं, छान बसलाय." तिने वर पाहिलं. "ताई, का विचारताय?"

चैतालीने रुमाल उघडला.

"आकड्याची तार कडक असते," ती म्हणाली. प्रत्येक शब्द तिने जपून उच्चारला, तरी तो पडायचा तिथेच पडत होता. "एकदा वाकवली की आतून चिरते. विमान हादरतं. तार तुटली, मग नट फिरला. तुम्हाला हे माहीत असायचं काही कारण नव्हतं. त्यांना होतं."

शोभा तुकड्यांकडे पाहत राहिली. मग तिने डोक्यातला एक आकडा काढला आणि रुमालावर, त्या तुकड्यांशेजारी ठेवला. तीच वळणं, तसाच काळा रंग.

"लोटूभाऊ अजून आत आहेत?"

"हो."

"मी सांगितलं तर सोडतील?"

"सोडतील. पण ते लिहून घेतील. योगेंद्रभाऊ वाचतील. सगळे वाचतील."

शोभाने लेकीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "हीही वाचेल," ती म्हणाली. "मोठी झाली की." आणि चप्पल शोधू लागली.

६

फौजदाराने जबाब लिहून घेतला. दोनदा त्याने पेन थांबवलं. शेवटी शोभाला म्हणाला, "बेन, तमारी भूल नथी, तुमची चूक नाही," आणि खिडकीबाहेर बघत बसला. योगेंद्र भिंतीशी उभा होता. वहिनीकडे न बघता तो निघून गेला आणि दुसऱ्या दिवसापासून जेवायला बाहेर जाऊ लागला. घरात कुणी काही बोललं नाही. बोललं असतं तर उत्तर तरी देता आलं असतं.

लोटू सुटला, पण त्याच्या उजव्या हाताची बोटं वळत नव्हती. कशाने, ते त्याने सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. पर्वत पाटियाच्या एका कारखानदाराने त्याला दारातूनच परत पाठवलं. मालक मेला तो याच्याच हातून, एवढंच त्या बाजाराला ठाऊक होतं. जबाब कोण वाचतो?

चैताली शेवटची सही घ्यायला बमरोलीला आली, तेव्हा सुंदरा आणि लोटू कारखान्यात होते. पूजा तशीच मांडलेली. शोभा दाराशी उभी होती, केस मागे सुताच्या धाग्याने बांधलेले.

"पाने घेऊन जा, लोटूभाऊ," शोभा म्हणाली. "तुमचेच आहेत. मालकाने उचलून द्यायचे असतात ना? मी देते."

तिने वाळलेल्या हळदीतून एक पाना सोडवला. चर्र असा आवाज झाला. लोटूने दोन्ही हात पुढे केले. उजव्यात तो राहिला नाही. फरशीवर पडला. सुंदराने वाकून उचलला आणि पदराने पुसत राहिली, पुसायचं काही उरलं नव्हतं तरी.

"भाऊ, एक विचारू?" शोभाने जमिनीकडे पाहत म्हटलं. "तुम्ही असता, आणि पिन नसती, तर तुम्ही काय केलं असतं?"

चैतालीने लोटूकडे पाहिलं. उत्तर तिला माहीत होतं. चौकीत तिने ते याच तोंडून ऐकलं होतं. लोटूने जोड उघडलाच नसता. त्याने थांबवलं असतं, आणि थांबवलंही होतं.

लोटूने डाव्या हाताने तो पाना सुंदराकडून घेतला.

"आकडाच घातला असता, वहिनी," तो म्हणाला. "दुसरं काय होतं घालायला?"

शोभाने मान हलवली. तिला ते खोटं आहे हे कळलं होतं, आणि तिला कळलंय हे लोटूलाही कळलं होतं. तिने पुढचा पाना हळदीतून सोडवला. मग त्याच्या पुढचा. एकेक करून ती सुंदराच्या ओटीत टाकत गेली. आत सोनाली रडायला लागली, तरी ती थांबली नाही.